नेट गेलं म्हणजे नेमकं कुठे गेलं?

घरातलं नेट बंद पडलं की बहुतेक घरांत ठरलेला क्रम चालतो. आधी फोनचं वायफाय बंद करून चालू, मग राउटर बंद करून चालू, तरी जमलं नाही तर राउटरच्या मागच्या बारीक भोकात टाचणी, आणि शेवटी केबलवाल्याला फोन. यातली पहिली दोन कामं निरुपद्रवी आहेत. टाचणीचं काम मात्र करू नका. का करू नये ते पुढे येईलच, पण आधी नेट घरात येतं कसं ते बघू.

तुमच्या फोनपासून एखाद्या साइटच्या सर्व्हरपर्यंत बरेच सांधे असतात. फोन ते राउटर हा हवेतला सांधा. राउटर ते फायबरचा डबा हा दुसरा. हल्ली अनेक घरांत दोन्ही एकाच डब्यात असतात. डब्यापासून कंपनीच्या केंद्रापर्यंत काचेची तार. केंद्रापासून पुढे जगाशी जोडणी. मग साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणारी यंत्रणा, आणि सगळ्यात शेवटी खुद्द त्या साइटचा सर्व्हर. यातलं काहीही निखळलं तरी आपल्या पडद्यावर दिसतं ते तेच, गोल फिरणारं चाक. म्हणून आपण सगळ्याला मिळून ‘नेट गेलं’ म्हणतो आणि सगळ्यावर एकच औषध करून बघतो. खरं काम आहे ते कुठला सांधा निखळलाय हे ओळखण्याचं. ते घरबसल्या, काहीही न उघडता करता येतं, आणि ते प्रत्येकाला यावं असं मला मनापासून वाटतं. ज्या घरात मुलांचे क्लास, आजोबांच्या पेन्शनची कामं आणि कुणाची तरी नोकरी एका तारेवर चालते, तिथे ही माहिती गॅसचा रेग्युलेटर बंद करता येण्याइतकीच गरजेची आहे.

आधी दोन प्रश्न

एकाच फोनवर बंद आहे, की घरातल्या सगळ्या उपकरणांवर? आणि एकच अ‍ॅप बंद आहे, की सगळंच?

एवढ्यानेच शोध बराच आटपतो. टीव्हीवर नेट व्यवस्थित चालतंय आणि फक्त तुमच्या फोनवर नाही, तर तार, केंद्र, कंपनी सगळे निर्दोष आहेत. दोष फोनमध्ये किंवा फोन आणि राउटरमधल्या हवेत आहे. उलट सगळ्या उपकरणांवर सगळं चालतंय आणि एकच सेवा बंद आहे, तर तुमच्या घरातलं काहीच बिघडलेलं नाही. ४ ऑक्टोबर २०२१ची रात्र अनेकांना आठवत असेल. आपल्याकडे रात्री नऊच्या सुमारास व्हॉट्सॲप, फेसबुक आणि इन्स्टाग्राम एकदम थांबलं ते जवळपास सहा तास. या तिन्हींच्या मालक कंपनीच्या अंतर्गत जाळ्यात देखभालीचं काम करताना तिच्या केंद्रांमधला आपसातला संपर्क तुटला. त्यापाठोपाठ तिचे नावं-पत्ते सांगणारे सर्व्हर जगाला सापडेनासे झाले. सर्व्हर जागेवर होते, पण त्यांच्यापर्यंत जायचा रस्ता नकाशावरून पुसला गेला होता. त्या रात्री कितीही वेळा राउटर बंद-चालू केला असता तरी उपयोग नव्हता. ‘दुसरं काही चालतंय का?’ हा प्रश्न आधी विचारला की ही वणवण वाचते.

फोनवर ‘वायफाय जोडलंय, पण इंटरनेट नाही’ असं येतं, त्याचाही अर्थ नीट समजून घ्यावा. फोनला हे कळतं कसं? अँड्रॉइड फोन वायफायला जोडला गेला की गुपचूप गूगलच्या एका ठरलेल्या पत्त्यावर विचारणा करतो आणि २०४ क्रमांकाचं रिकामं उत्तर यायची वाट बघतो. विंडोजवाला लॅपटॉप मायक्रोसॉफ्टकडून एक चिमुकली मजकुराची फाइल मागवतो. उत्तर ठरल्याप्रमाणे आलं तर ठीक, नाही आलं तर वायफायच्या खुणेवर उद्गारचिन्ह. रेल्वे स्टेशनवर किंवा हॉटेलात त्या उत्तराच्या जागी लॉगिनचं पान येतं, म्हणून फोन ‘साइन इन करा’ म्हणतो. म्हणजे हा संदेश दिसला की समजायचं, पहिला सांधा शाबूत आहे, फोन राउटरला जोडलेला आहे, तुटलंय ते पुढे. इथे वायफायचा पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकण्यात अर्थ नसतो.

दिवे बघा

सगळ्याच उपकरणांवर सगळंच बंद असेल तर फायबरच्या डब्यासमोर उभं राहा. त्यावर बरेच दिवे असतात, आपल्याला दोनच बघायचे आहेत. एकावर ‘पॉन’ (PON) लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर ‘लॉस’ (LOS). पॉनचा दिवा हिरवा आणि स्थिर असेल तर कंपनीच्या केंद्राशी बोलणं चालू आहे. तो लुकलुकत राहिला असेल तर डबा केंद्राशी ओळख पटवायचा प्रयत्न करतोय आणि ते जमत नाहीये. लॉसचा दिवा एरवी बंदच असतो. तो लाल लुकलुकायला लागला की केंद्राकडून येणारा प्रकाश डब्यापर्यंत पोचत नाहीये, किंवा फारच मंद पोचतोय.

इथे थोडं थांबू, कारण घरातल्या बिघाडांपैकी सहज टाळता येणारा बिघाड याच तारेत असतो. फायबर म्हणजे केसासारखी बारीक काच. घरगुती जोडणीत तिच्यातून घराकडे येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा आणि घरातून जाणारा १३१० नॅनोमीटरचा. दोन्ही अवरक्त, डोळ्यांना न दिसणारे. (म्हणून तारेच्या उघड्या टोकात कधीही डोकावू नये, काही दिसत नाही म्हणजे काही नाही असं नसतं.) सरळ तारेत प्रकाश काचेच्या आतल्या आत परावर्तित होत पुढे जातो. तार फार जवळून वळवली की तो त्या वळणावर बाहेर गळतो. शोकेस भिंतीला सरकवलं, तार मागे चेपली. दाराच्या फटीतून तार घेतली आणि दार रोज आपटतंय. जास्तीची तार छान दिसावी म्हणून घट्ट गुंडाळून केबल-टायने आवळली. यातलं काहीही झालं की प्रकाश कमी होतो. तंत्रज्ञ येतो तेव्हा त्याच्याकडे पेनासारखी लाल प्रकाशाची टॉर्च असते. ती तारेच्या टोकाला लावली की जिथे तार दुमडली किंवा तडकली आहे नेमक्या त्याच जागी पिवळ्या आवरणातून लाल ठिपका चमकतो. एकदा ते बघितलं की माणूस तार परत कधी आवळून बांधत नाही.

प्रकाश किती पोचतोय हे आकड्यातही कळतं. ब्राउझरमध्ये राउटरचा आकडी पत्ता टाकला की त्याच्या सेटिंगचं पान उघडतं, तिथे ‘आरएक्स पॉवर’ (RX Power) असं लिहिलेलं सापडेल, डीबीएम या एककात आणि उणे चिन्हासह. उणे १५ ते उणे २५च्या दरम्यान असेल तर निश्चिंत राहा. उणे २७च्या आसपास गेला की डबा आपल्या ऐकण्याच्या हद्दीवर आहे. नेट येत-जात राहील. या मोजमापात तीनचा फरक म्हणजे प्रकाश निम्मा, त्यामुळे उणे २१ आणि उणे २७ हे आकडे शेजारी दिसले तरी दुसऱ्या घरात पहिल्याच्या चौथ्या हिश्श्याइतकाच प्रकाश पोचतोय. पावसाळ्यात एका इमारतीवरून दुसरीवर लोंबणारी तार वाऱ्याने ताणली गेली की हा आकडा खाली जातो. नेट चांगलं चालत असताना तो एकदा बघून लिहून ठेवावा.

पत्ता मिळाला का?

दिवे ठीक आहेत आणि तरी नेट नाही, तर पुढचा प्रश्न पत्त्याचा. राउटरशी जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक उपकरणाला राउटर एक आकडी पत्ता देतो, बहुतेक वेळा १९२.१६८ने सुरू होणारा. तुमच्याही घरात १९२.१६८.१.५ आणि समोरच्या घरातही १९२.१६८.१.५, हे चालतं, कारण हे पत्ते घरापुरते असतात. सोसायटीचं उदाहरण घ्या. बाहेर पत्ता एकच, आत फ्लॅट पुष्कळ. बाहेरून पार्सल येतं ते गेटवर, आणि कुणी काय मागवलंय हे वॉचमन वहीत बघून ते योग्य दाराशी पाठवतो. राउटर हेच करतो. तुमच्या फोनने काही मागवलं की तो आपल्या स्मरणात एक नोंद करतो, आणि उत्तर आलं की त्या नोंदीनुसार फोनकडे पाठवतो. ही वही ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

विंडोजच्या लॅपटॉपवर हा पत्ता बघायला काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये, ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) ही आज्ञा द्यायची. पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही. कुणी देईना म्हणून लॅपटॉपने स्वतःच स्वतःला एक तात्पुरता पत्ता लावून घेतला आहे. अँड्रॉइड फोन असा पत्ता लावून घेत नाही. तो ‘आयपी पत्ता मिळवत आहे’वर अडकतो आणि थोड्या वेळाने वायफाय सोडून देतो.

याचं एक कारण फार आढळतं. मागच्या खोलीत रेंज येत नाही म्हणून कुणीतरी जुना राउटर काढून वायरने पहिल्याला जोडतो. आता घरात पत्ते वाटणारे दोघं झाले. दोघांचा स्वतःचा पत्ताही बहुधा एकच, १९२.१६८.१.१. कधी फोनला पहिल्याकडून पत्ता मिळतो आणि सगळं चालतं, कधी दुसऱ्याकडून मिळतो आणि काहीच चालत नाही. घरातले म्हणतात, ‘नेट लहरी झालंय.’ ते लहरी नसतं. दुसऱ्या राउटरच्या पानावर जाऊन त्याचं पत्ते वाटणं, म्हणजे डीएचसीपी, बंद करायचं, त्याला १९२.१६८.१.२ असा वेगळा पत्ता द्यायचा आणि वायर त्याच्या ‘लॅन’ (LAN) लिहिलेल्या भोकात लावायची. बस. मग तो फक्त रेंज वाढवण्याचं काम करतो.

तीन हाका

आता पिंग. काळ्या खिडकीत ‘पिंग’ (ping) लिहून पुढे एखादा पत्ता दिला की संगणक तिकडे छोटीशी हाक मारतो आणि उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले ते सांगतो. अमेरिकी लष्कराच्या एका संशोधन प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३मध्ये हे साधन लिहिलं. आजही जगभरचे नेटवर्कवाले पहिल्यांदा हात घालतात तो यालाच.

पहिली हाक राउटरला, बहुधा १९२.१६८.१.१. उत्तर थोडक्या मिलिसेकंदांत, एकही न हरवता यायला हवं. इथेच उत्तरं गहाळ होत असतील तर दोष वायफायमध्ये आहे. केबलवाल्याला फोन करून उपयोग नाही.

दुसरी हाक घराबाहेर, ८.८.८.८ला. हा गूगलचा सर्व्हर. त्याची निवड यासाठी की त्याला नावाची गरज नाही, तो आकड्यानेच ओळखला जातो. राउटर नीट उत्तर देतोय आणि हा देत नाहीये, तर तुटलंय ते घर आणि बाहेरचं जग यांच्यामध्ये. तक्रार कंपनीकडे.

तिसरी हाक एखाद्या साइटच्या नावाने. आकड्याला उत्तर मिळतंय पण ‘हे नाव सापडत नाही’ असं आलं, तर नेट चालू आहे, फक्त नावाचा पत्ता शोधणारी यंत्रणा, म्हणजे डीएनएस, बंद आहे. १९८३मध्येच पॉल मॉकापेट्रिस यांनी तिची रचना केली. त्याआधी सगळ्या संगणकांची नावं एकाच फाइलीत ठेवून ती सगळीकडे वाटली जायची. बिघाडांमध्ये मला हाच सगळ्यात फसवा वाटतो, कारण सगळे दिवे हिरवे असतात, रेंज भरपूर असते, आणि तरी एकही पान उघडत नाही. कंपनीचा डीएनएस सर्व्हर बसला असेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअर कंपनीचा १.१.१.१ टाकला की काम होतं.

फोनवर आणखी एक जागा तपासा. अँड्रॉइड ९पासून सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ असतं. जाहिराती बंद व्हाव्यात म्हणून अनेकांनी कुठेतरी वाचून तिथे एखादं नाव टाकलेलं असतं आणि ते विसरून गेलेले असतात. तो सर्व्हर बंद पडला की त्या फोनवर वायफायही चालत नाही आणि मोबाइल डेटाही नाही. लोक सिम बदलतात, फोन दुकानात देतात. तिथे ‘स्वयंचलित’ निवडलं की झालं.

एक सावधगिरी: काही सर्व्हर मुद्दामच पिंगला उत्तर देत नाहीत. त्यामुळे एखाद्या साइटने हाकेला ओ दिली नाही एवढ्यावरून ती बंद आहे असं ठरवू नका.

आणि नाव सापडतंय, उत्तर येतंय, पण ब्राउझर म्हणतो ‘तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही’, तेही जवळजवळ प्रत्येक साइटवर? मग घड्याळ बघा. सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. जुन्या डेस्कटॉपमधला नाण्याएवढा सेल, सीआर२०३२, संपला की वीज गेल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाते, आणि संगणकाच्या दृष्टीने सगळी प्रमाणपत्रं भविष्यातली ठरतात. तारीख दुरुस्त करा, सेल बदला. तारीख बरोबर असताना एखाद्याच साइटवर, विशेषतः बँकेच्या, हा इशारा आला तर मात्र तो डावलून पुढे जाऊ नका.

बंद-चालू केल्याने चालतं, ते का

कारण राउटर हा छोटा संगणकच आहे आणि मघाची वही त्याच्या मर्यादित स्मरणात असते. घरातले फोन, टीव्ही, कॅमेरे दिवसभर नोंदी वाढवत राहतात. काही नोंदी काम संपलं तरी पुसल्या जात नाहीत. वही भरली की नवीन मागणी नोंदवता येत नाही. वीज काढली की वही कोरी होते, पत्ते नव्याने वाटले जातात, कंपनीशी नव्याने ओळख होते. बंद केल्यावर अर्धा-एक मिनिट थांबावं, म्हणजे पलीकडच्या टोकालाही कळतं की जुनं बोलणं संपलं. चालू केल्यावर दोन-तीन मिनिटं द्यावीत.

पण रोजच हे करावं लागत असेल तर तो उपाय राहिला नाही, ते लक्षण झालं. आधी अ‍ॅडॉप्टरवर संशय घ्या. जुना अ‍ॅडॉप्टर दिवे पेटण्यापुरती वीज देतो, पण काम वाढलं की कमी पडतो आणि राउटर आपोआप बंद होऊन चालू होतो. नवीन घेताना व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत, अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतील. पाच, नऊ आणि बारा व्होल्टच्या पिना दिसायला सारख्याच असू शकतात. नऊच्या डब्याला बाराची पिन लावून डबा जाळू नका.

आता ते टाचणीचं भोक. बंद-चालू करणं म्हणजे रीस्टार्ट, आणि भोक दाबून धरणं म्हणजे फॅक्टरी रीसेट. रीसेटने वायफायचं नाव-पासवर्ड जातंच, शिवाय कंपनीशी जोडणीचं यूझरनेम, पासवर्ड आणि बाकीच्या सेटिंगही पुसल्या जातात. मूळ बिघाड अर्ध्या तासात आपोआप सुटणारा असेल, केंद्रातली वीज गेली असेल, तरी आता तुमचं नेट माणूस येईपर्यंत चालू होणार नाही.

मंद नेट

हा वेगळा आजार आहे. वेग मोजायचा तर आधी लॅपटॉप वायरने राउटरला जोडून मोजा. तिथे पूर्ण मिळाला तर कंपनीने आपलं काम केलंय, प्रश्न हवेचा आहे. २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय भिंतीपलीकडे जातं, पण त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि इमारतीतले सगळे राउटर त्यातच दाटीवाटीने बसलेले असतात. मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच भागात काम करतो. ५ गिगाहर्ट्झवर गर्दी कमी आणि वेग जास्त, पण सिमेंटची एक भिंत आली की तो पटकन अडतो. राउटर लोखंडी कपाटावर किंवा टीव्हीच्या मागे ठेवू नका.

वायरवर मोजताना आकडा नेमका ९४-९५ मेगाबिटच्या आसपास अडकून बसला आणि तुमचा प्लॅन ३००चा असेल, तर ती वायरची सही आहे. लॅनच्या वायरीत आठ तारा असतात. गिगाबिटला आठही लागतात, १०० मेगाबिटला चारच पुरतात. एखादी तार तुटली, पिनेत नीट बसली नाही, की दोन्ही उपकरणं न बोलता १००वर उतरतात. कसलीही सूचना येत नाही. वायर बदला.

संध्याकाळी व्हिडिओ कॉल अडखळतो आणि डाउनलोडचा वेग मात्र ठीक दिसतो, तेव्हा घरातला कुठला फोन फोटोंचा बॅकअप चढवतोय का ते बघा. वर जाणारा रस्ता भरला की कॉलचा आवाजही त्या रांगेत उभा राहतो.

फोनवर काय सांगायचं

तक्रार केंद्रातला माणूस ‘राउटर बंद करून चालू करा’ म्हणणारच, त्याच्यासमोर तसा क्रम लिहिलेला असतो. त्याला ‘नेट चालत नाही’ असं न सांगता सापडलेलं सांगा: ‘सकाळी नऊपासून सगळ्या उपकरणांवर बंद आहे, लॉसचा लाल दिवा लुकलुकतोय, घरातली तार हललेली नाही.’ किंवा: ‘राउटरची सगळी उत्तरं येतात, ८.८.८.८ची वीसपैकी सहा गहाळ आहेत, आरएक्स पॉवर उणे २८ दाखवतोय, आधी उणे २० होता.’ असं वाक्य ऐकलं की तक्रार वरच्या पातळीवर जाते आणि येणारा माणूस योग्य सामान घेऊन येतो. दिव्यांचा आणि आकड्यांचा फोटो काढून ठेवा, कारण माणूस येईपर्यंत नेट परत आलेलं असू शकतं.

तक्रारीचा क्रमांक मागून घ्या. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, २०१२च्या नियमांनुसार तो देणं कंपनीवर बंधनकारक आहे. तक्रार केंद्राकडून समाधान झालं नाही तर त्याच क्रमांकाच्या आधारे कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांकही आहे.